शिडाच्या नौकेंतील जड दांडा

शिडाची नौका म्हटली कीं आपल्या मनापुढें वारा, डोलकाठी आणि फुगलेलें शीड एवढेंच येतें. त्या नौकेच्या पोटांत एक लहानसें डीझेल एंजिनहि बसविलेलें असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें, आणि ठाऊक झाल्यावर थोडा विरसहि होतो. माझ्या वडील बहिणीस तिच्या मुलानें आपली नौका प्रथम दाखविली, तेव्हां "वाऱ्यावर चालते म्हणत होतास, मग हें धूड कशाला?" असें तिनें विचारलेंच. परंतु यांत लबाडी कांहीं नाहीं. गोव्यांतील दिवाडी बेटावर बांधलेली आपल्या नौदलाची ५६ फुटी 'म्हादेई' घेऊन कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९ मे २०१० रोजीं परत आले; पुढें त्याच नौकेंतून अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ सालीं कोठेंहि न थांबतां प्रदक्षिणा केली. ही सारी मजल शिडाच्या बळावरची. मोकळ्या समुद्रावर राज्य वाऱ्याचेंच असतें. बंदराच्या तोंडाशीं मात्र तें संपतें. दोहों बाजूंस नौकांची दाटी, मधून जेमतेम दोन नौका जातील एवढी वाट, आडवी धांवणारी ओहोटी, आणि वारा नको त्या दिशेचा. अशा ठिकाणीं शीड उतरवून एंजिनाचा आश्रय करावाच लागतो.

आणि येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. नौकेस ब्रेक नसतो. मोटार थांबवावयाची तर पाय दाबला कीं झालें. पाण्यावर धरून ठेवावयास जमीनच नसते. तीस फुटी नौकेचें वजन चार-पांच टन असतें, आणि एवढा भार सावकाश चालत असला तरी आपण होऊन थांबावयास बराच वेळ घेतो. त्याला थांबविण्याचा उपाय एकच: पाण्याखालचा पंखा उलटा फिरविणें. एंजिन तर एकाच दिशेनें फिरतें. म्हणून एंजिन व पंखा यांच्यामध्यें गिअरची पेटी बसवितात. तिच्यावरील लहानशी तरफ एका बाजूस गेली कीं नौका पुढें, दुसऱ्या बाजूस गेली कीं मागें, आणि मध्यें असली कीं एंजिन फिरत राहतें पण पंखा मोकळा. म्हणजे मोटारींत ब्रेक जें काम करतो, तेंच नौकेंत ही तरफ करते.

परंतु तरफ खालीं एंजिनापाशीं, आणि नौका हांकणारा वर सुकाणूपाशीं. त्याच्या हाताशीं असतो तो एक दांडा. या दोहोंचा संबंध कसा जोडावा, हा प्रश्न जुनाच आहे. मोठ्या आगबोटींवर कप्तान एंजिनास स्वतः हात लावीत नसे. तो टेलिग्राफ नांवाच्या तबकडीची मूठ फिरवी, खालीं घंटा वाजे, आणि तेथला मनुष्य हुकुमाप्रमाणें यंत्र चालवी. लहान नौकेंत दुसरा मनुष्य कोठून आणावयाचा? लोखंडी सळया व बिजागऱ्या यांची सांखळी करून पाहण्यांत आली; पण सळई वळण घेत नाहीं, आणि नौकेच्या पोटांत सरळ वाट मिळत नाहीं. हा गुंता सोडविला तो नळींतून सरकणाऱ्या तारेनें. तिचें पेटंट अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनीं १८९६ सालीं ब्रिटनमध्यें घेतलें. ती तार आपल्या प्रत्येकाच्या घरीं आहे. सायकलीच्या ब्रेकची मूठ दाबतांच जी तार वेष्टणाच्या आंत सरकते, तीच ही.

सायकलीची तार व नौकेची केबल एकाच कुळांतल्या खऱ्या, पण त्यांत एक मोठा भेद आहे, आणि पुढचें सारें दुखणें त्या भेदांतून उद्भवतें. सायकलीची तार फक्त ओढावयाची असते; परत येण्याचें काम कमान करते. नौकेची केबल ओढावीहि लागते आणि ढकलावीहि लागते. ओढली कीं एक गिअर, ढकलली कीं दुसरा. बारीक तार मोकळ्या नळींतून ढकलून पाहा. ती पुढें न जातां आंतल्या आंत नागमोडी होईल. म्हणून ढकलावयाच्या केबलींत तार जाड असते आणि नळी तिला अगदीं बेताची, अंगाबरोबर शिवलेल्या बंडीसारखी असते. मधोमध स्टेनलेस स्टीलची तार, तिच्याभोंवतीं गुळगुळीत प्लॅस्टिकचें अस्तर, त्यावर पोलादी तारांचा पिळीव थर, आणि सर्वांवर पुन्हा प्लॅस्टिकची कातडी. दोन्ही टोंकांस एकेक गुळगुळीत कांडी नळकांड्यांतून आंतबाहेर सरकते, आणि पाणी आंत जाऊं नये म्हणून तिच्या गळ्याशीं रबराची चकती असते. फट इतकी थोडी असल्यामुळें आंत जरा गंज धरला किंवा कातडी जरा फुगली कीं तार लगेच अडखळूं लागते. सायकलीच्या तारेनें असें दुखणें वर्षभर सोसलें असतें.

आतां माझ्या भाच्याच्या नौकेकडे वळूं. तो पुष्कळ वर्षें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन येथें नोकरीस आहे, आणि जवळच हॅम्बल नदीच्या धक्क्यावर त्याची तीस फुटी जुनी नौका बांधलेली असते. मी त्याच्याकडे गेलों त्या वर्षीं वसंत ऋतूंत दांडा थोडा जड लागूं लागला होता. त्यानें दांड्याच्या बुडाशीं तेल सोडलें; दोन दिवस बरें वाटलें. आमच्या घरांत शिवणयंत्र कुरकुरलें कीं तेलाची कुपी उचलावयाची, हें वळण त्याला आईकडूनच मिळालेलें. ऑगस्टमध्यें दांड्यास दोन हात लागूं लागले. "मामा, जुनी नौका आहे, तिच्या कलानें घ्यावें लागतें," असें तो म्हणे.

सप्टेंबरांतील एका संध्याकाळीं आम्ही परत येत होतों. ओहोटी जोरांत होती. भाच्यानें नौका आपल्या जागेकडे वळविली, नेहमींच्या ठिकाणीं दांडा मागें ओढला. तो मध्यापर्यंत आला आणि तेथेंच बसला. नौका चालतच राहिली. भाचसून दोर हातांत घेऊन पुढें नाळेपाशीं उभी होती. समोरच्या नौकेचा नांगर जवळ येतो असें पाहून तिनें कोणाच्याहि मनांत येईल तेंच केलें: पाय पुढें करून नौका थोपवूं पाहिली. "पाय आंत घे!" असें भाचा ओरडला, आणि तिनें तो घेतला, हें नशीब. चार टनांचा भार व नांगर यांच्यामध्यें पाय सांपडता तर काय झालें असतें, तें लिहवत नाहीं. पुढचा लोखंडी कठडा वांकला, समोरच्याच्या नौकेवर ओरखडा उठला, आणि मग मधें रबरी फुगे सोडून आम्ही कशीबशी नौका बांधली. त्या रात्रीं जेवणाच्या वेळीं फारसें कोणी बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाचा वंगणाचा डबा घेऊन निघाला, तेव्हां मीं त्याला थांबविलें. गिरणींतील यंत्रदुरुस्तींत उमेद गेलेल्या मनुष्यास एक खोड लागते: जेथें तीन वस्तु एकमेकींस जोडलेल्या असून एकंदर जड चालतात, तेथें औषध देण्यापूर्वीं त्या तिन्ही सोडवून एकेकीची नाडी पाहावयाची. येथेंहि तिघेच संशयित. वरचा दांडा व त्याच्या पोटांतील यंत्र, मधली केबल, आणि खालची गिअरची पेटी. एकीचें जडपण दुसरीच्या माथीं मारणें फार सोपें असतें. वसंतांत दांड्याला तेल पाजणें हें "रोग रेड्याला आणि औषध पखालीला" यांतलेंच झालें होतें.

प्रथम एंजिन बंद करून किल्ली खिशांत घातली. हें सांगावयास नको असें वाटेल, पण एंजिनाच्या पट्ट्याजवळ हात घालावयाचा असतो आणि वर कोणी सहज किल्ली फिरविली तर बोटें जातात. मग शिडीच्या पायऱ्या काढून एंजिनाच्या मागच्या अंगास गिअरच्या पेटीपर्यंत पोंचलों. केबलीचें टोंक तरफेस एका खिळीनें अडकविलेलें असतें व ती निसटूं नये म्हणून तिच्यांत स्प्लिट पिन असते. पिन काढली, खीळ काढली, आणि मोकळी तरफ हातानें हलविली. ती दोन्ही बाजूंस सहज गेली. कांहीं पेट्यांत एंजिन बंद असतां तरफ एकदम बसत नाहीं, पंख्याचा दांडा हातानें थोडा फिरवावा लागतो. तेवढ्यावरून पेटी बिघडली असें समजूं नये. आमची पेटी निर्दोष ठरली, आणि तिघांत तीच सर्वांत खर्चाची, त्यामुळें भाच्याचा चेहरा थोडा उजळला.

आतां वर जाऊन दांडा हलवून पाहिला. खालचें टोंक सुटलेलें असूनहि तो तितकाच जड. म्हणजे दोष दांड्यांत किंवा केबलींत. येथें आणखी एक गुंता असतो. पुष्कळ नौकांत एकच दांडा दोन कामें करतो: मध्यापासून थोडा ढकलला कीं गिअर पडतो, त्याहून पुढें ढकलला कीं एंजिनाचा वेग वाढतो. वेगाची केबल निराळी असते, आणि जडपणा तिचाहि असूं शकतो. म्हणून दांड्यामागचें फळकूट काढून दोन्ही केबली सोडविल्या. नुसता दांडा एका बोटानें फिरला. वेगाची केबल हातानें ओढली-ढकलली. ती लोण्यासारखी चालली. गिअरच्या केबलीची कांडी पक्कडींत धरून ओढली, तर ती अर्धा इंच येऊन अडली. अर्ध्या तासांत चोर सांपडला, आणि तेलाचा थेंबहि खर्चीं पडला नाहीं.

तरी तिला लगेच दोषी ठरवावयाचें नव्हतें. निरोगी केबलहि वाटेंत आखूड वळण दिलें तर जड होते. या प्रकारच्या ज्या केबली बाजारांत '३३ सी' या नांवानें मिळतात, त्यांस आठ इंचांहून कमी त्रिज्येचें वळण देऊं नये असा दंडक आहे. शिवाय वळणें जितकीं अधिक तितकें घर्षण अधिक. यासाठीं केबल बांधलेल्या पट्ट्या सोडवून ती शक्य तेवढी सरळ केली व पुन्हा ओढून पाहिली. फरक पडता तर वाट बदलून काम भागलें असतें. पडला नाहीं. मग अंगावरून हात फिरवीत गेलों. एंजिनाच्या धुराच्या गरम नळास ती कोणीतरी पूर्वीं प्लॅस्टिकच्या पट्टीनें आंवळून बांधली होती. तेथें कातडी फुगून फोडासारखी झाली होती, आणि थोडें पुढें तिला भेग पडून आंतून तांबूस गंज डोकावत होता. वरच्या टोंकाची रबरी चकती झिजलेली, तेथून पावसाचें व लाटांचें पाणी आंत झिरपलें असावें. पाणी वरून आंत गेलें, उतरत उतरत सखल भागांत सांचलें, आणि तेथेंच बाहेरची कातडी उष्णतेनें फाटलेली होती. पुढें ती केबल आम्हीं करवतीनें कापून पाहिली. पोलादी थर त्या ठिकाणीं गंजून सुजला होता आणि अस्तर तारेवर आंवळून बसलें होतें. तार मात्र स्टेनलेस असल्यामुळें नव्यासारखी चकचकीत होती.

भाच्यानें विचारलें, "मामा, एका टोंकाला नरसाळें बांधून आंत तेल सोडलें तर?" तसें करतात, आणि कधीं कधीं केबल आठ-पंधरा दिवस चालतेहि. परदेशांतून जातां जातां दुकान दूर असेल तर तेवढ्यापुरतें करण्यास हरकत नाहीं. पण हा उपाय म्हणून मला मान्य नाहीं. असल्या केबलीचें आंतलें अस्तरच इतकें गुळगुळीत असतें कीं तिला तेलाची गरज नसते. दाट वंगण घातलें तर तें थंडींत घट्ट होतें, धूळ धरतें, आणि उलट अडथळा होतो. मुख्य म्हणजे सुजलेला पोलादी थर तेलानें ओसरत नाहीं. तेल घातल्यावर दांडा चार दिवस हलका लागतो व आपली भीति मोडते, रोग मात्र आंत वाढतच असतो. ज्या केबलीची कातडी फाटली आहे, गंज दिसतो आहे, किंवा जी सरळ करूनहि जड आहे, ती फेंकून द्यावी. शिवणयंत्र आणि ही केबल यांची जात निराळी आहे, हें माझ्या बहिणीसहि मीं टेलिफोनवरून समजावून सांगितलें. तिला तें फारसें पटलें नाहीं.

नवी केबल आणावयाची तर लांबी हवी. ती एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फुटांत मोजतात. जुनीच मोजून तेवढीच आणावी असें भाच्याचें म्हणणें. पण जुनी मुळांतच आंखूड पडली होती, म्हणूनच ती कोपऱ्याकोपऱ्यांतून ताणून धुराच्या नळाला टेकविलेली होती. आम्हीं एक दोर घेऊन, गरम नळापासून दूर व सैल वळणांनीं, नवी वाट आंखली आणि तो दोर मोजला. एक फूट अधिक भरली. फार लांब घेणेंहि बरें नाहीं. उरलेल्या लांबीची वेटोळीं करावीं लागतात आणि वेटोळें म्हणजे पुन्हा वळणच.

जुनी केबल काढण्यापूर्वीं तिच्या टोंकास बळकट सुतळी चिकटपट्टीनें गुंडाळून बांधली. केबल बाहेर आली तसतशी सुतळी तिच्या वाटेनें आंत गेली. मग नवीचें टोंक सुतळीस बांधून भाचसून वरून पुरवीत होती व भाचा खालून ओढीत होता. ओढतांना बारीक कांडीवर ताण येऊं देऊं नये, सुतळी जाड अंगास बांधावी. नवी कोरी कांडी वांकली तर सारी मेहनत वायां जाते. जेथें वाट बदलावयाची होती तेथें फळीस नवें भोंक पाडून त्याच्या कडा रबरानें मढविल्या.

आतां उरलें जुळविणें, आणि येथें घाई करणारे पुष्कळ आहेत. केबलीच्या दोन्ही अंगांस एक खांच असते. तींत पकड बसवून ती घट्ट आंवळावयाची, कारण बाहेरची नळी जरा जरी सरकली तरी आंतल्या तारेची तेवढी चाल फुकट जाते. वरचा दांडा बरोबर मध्यें ठेवला, खालची तरफ बरोबर मध्यें ठेवली, आणि केबलीच्या कांडीवरील टोंपण आट्यांवर फिरवीत फिरवीत असें आणलें कीं खीळ तरफेच्या भोंकांत कोणतीहि ओढाताण न करतां आपली आपण शिरली. तरफ मध्यें असतां केबल तिच्याशीं काटकोनांत असावी. तिरकी असली तर पुढचा गिअर पुरा पडतो आणि मागचा अर्धवट. नवी स्प्लिट पिन घालून तिचे पाय फांकविले. जुनी पिन पुन्हा वापरूं नये. चार आण्यांची वस्तु असते आणि तिच्यावर नौका अवलंबून असते.

गिअर 'पुरा' पडणें म्हणजे काय, हें सांगणें अवश्य आहे. भाच्याच्या नौकेंत हुर्थ या जर्मन बनावटीची पेटी होती. तिच्या तरफेस दोन भोंकें असतात. बाहेरच्या भोंकाशीं मध्यापासून प्रत्येक बाजूस निदान ३५ मिलिमीटर व आंतल्या भोंकाशीं ३० मिलिमीटर चाल मिळालीच पाहिजे. त्याहून कमी मिळाली तर आंतल्या तबकड्या एकमेकींस घट्ट न धरतां घसरूं लागतात, तापतात, आणि कांहीं काळानें जळतात. मग जें काम एका केबलीवर भागलें असतें त्यासाठीं पेटी उतरवावी लागते. आम्हीं फूटपट्टी लावून मोजलें, आणि शिवाय एक साधी खूण पाहिली: वरून दांडा पुरा ढकलल्यावर खालीं खीळ काढून तरफ हातानें आणखी पुढें जाते कीं काय. जात असेल तर चाल कमी पडते आहे असें समजावें. तरफेच्या बुडाशीं जी पट्टी स्क्रूंनीं बसविलेली असते ती कारखान्यांत जुळवून दिलेली असते. चाल कमी पडली म्हणून तिचे स्क्रू ढिले करण्याचा मोह होतो, तो आंवरावा. चाल सुधारावयाची ती केबलीच्या टोंकांत व दांड्याकडील भोंकांत.

शेवटीं परीक्षा. नौका धक्क्यास चारी दोरांनीं घट्ट बांधून एंजिन मंद चालूं केलें, आणि पुढें, मध्यें, मागें, मध्यें असा दांडा पुनःपुन्हा फिरविला. दोर एकदां मागचे ताणले, एकदां पुढचे. मध्यें ठेवतांच मागील पाणी शांत होई. भाचसुनेनें दोन बोटांनीं दांडा हलवून पाहिला आणि काहीं न बोलतां नवऱ्याकडे पाहिलें.

केबल ऐन वेळीं तुटलीच तर काय, हा प्रश्न तिनेंच काढला. पहिली गोष्ट, एंजिन बंद करणें. त्याची दोरी किंवा कळ कोठें आहे हें घरांतील प्रत्येकास अंधारांतहि सांपडलें पाहिजे. मोकळें पाणी असेल तर शीड उभारावें, नाहींतर नांगर टाकावा. आणि धक्क्यास लागावयाचेंच असेल तर एकानें खालीं बसून गिअरची तरफ हातानें हलवावयाची व दुसऱ्यानें वरून हुकूम द्यावयाचे, अगदीं जुन्या आगबोटींप्रमाणें. मात्र खालच्यानें सैल पदर, ओढणी, लोंबता दोर यांतलें कांहींहि अंगावर ठेवूं नये. त्यांनीं तें त्याच दिवशीं करून पाहिलें. भाचसून खालीं, भाचा वर. एंजिनाच्या आवाजांत "पुढें" आणि "मागें" यांतला शेवटच तेवढा ऐकूं येतो असें आढळलें, आणि एकदां तर तिनें नेमकें उलट केलें. तेव्हां "मागें" हा शब्द काढून टाकून त्याच्या जागीं "उलट" हा ठरला, मधल्या स्थितीस "सोड", आणि प्रत्येक हुकूम खालच्यानें मोठ्यानें परत म्हणावयाचा असें ठरलें. चौथ्या खेपेस चूक झाली नाहीं.